मिलवॉलचा कारखाना कोणी बुडवला?

एखादा कारखाना बंद पडला की त्याच्या मृत्यूचा दाखला लिहिण्याचे काम बहुधा मालकपक्षाकडेच जाते, आणि त्या दाखल्यात कारणे दोनच लिहिलेली असतात: मजुरी आणि स्पर्धा. मजुरांनी फार मागितले आणि दुसऱ्या कोणी तोच माल स्वस्तात दिला, एवढे सांगितले की चौकशी संपते. लंडनच्या पूर्व भागात, थेम्स नदीच्या काठी मिलवॉल येथे १८६० नंतर भरभराटीस आलेल्या आणि ते दशक संपण्यापूर्वीच कोसळलेल्या एका प्रचंड जहाजबांधणी कारखान्याबद्दल गेली दीडशे वर्षे हेच सांगण्यात येत आहे. कोळसा आणि लोखंड उत्तरेकडे, लंडनचा कारागीर महाग, म्हणून हा धंदा क्लाइड आणि टाइन या नद्यांच्या काठी निघून गेला, अशी ही हकिगत आहे. तीत सत्याचा अंश आहे. परंतु तिच्यातून जो भाग गाळला जातो तोच कामगार चळवळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. म्हणून हे जुने प्रकरण पुन्हा एकदा तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

एक जागा, चार मालक

लंडनच्या पूर्वेस थेम्स नदी घोड्याच्या नालासारखे एक मोठे वळण घेते. त्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला जो दलदलीचा भूभाग आहे त्याला ‘आयल ऑफ डॉग्ज’ म्हणतात. त्याच्या पश्चिम काठावरील बांधावर पूर्वी पवनचक्क्या होत्या. त्यावरून त्या काठाला मिलवॉल हे नाव पडले. १८०२ मध्ये या भूभागाच्या उत्तर अंगास वेस्ट इंडिया डॉक ही गोदी सुरू झाली. परंतु दक्षिणेकडची जमीन पुढची तीसएक वर्षे गुरे चारण्यापलीकडे फारशा उपयोगाची नव्हती. नदीकाठ लांब आणि जमीन स्वस्त असल्यामुळे लोखंडी जहाजे बांधू पाहणाऱ्यांची दृष्टी तिच्यावर गेली.

१८३० नंतरच्या दशकात मँचेस्टरचे प्रसिद्ध अभियंते विल्यम फेअरबेर्न यांनी मिलवॉल येथे कारखाना घातला. लाकडी जहाजांचा जमाना अजून सरला नव्हता. लोखंडाचे जहाज समुद्रात टिकते हे लोकांना पटवून द्यावे लागत होते. फेअरबेर्न यांनी सुमारे बारा वर्षांत शंभरावर जहाजे बांधली, वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्यांच्या चाचण्याही येथेच घेतल्या, आणि अखेरीस एक लाख पौंडांहून अधिक तोटा सोसून ते या धंद्यातून बाहेर पडले.

त्यांच्यामागून जॉन स्कॉट रसेल आले. जहाजाचा आकार आणि पाण्यातील लाटा यांच्या संबंधावर संशोधन करणारा हा शास्त्रज्ञ. इझाम्बार्ड किंगडम ब्रुनेल या अभियंत्याच्या कल्पनेतील ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज बांधण्याचे कंत्राट रसेल यांनी १८५३ च्या डिसेंबरात घेतले. सांगाडा आणि यंत्रे मिळून एकूण किंमत ठरली ३,७७,२०० पौंड. जहाजाची लांबी ६९२ फूट, प्रवासी ४,००० आणि रिव्हेट सुमारे ३० लाख. वाटेत कोळसा न घेता आशिया आणि ऑस्ट्रेलिया गाठावे, हा त्यामागचा हेतू होता. नदीचे पात्र अरुंद असल्याने जहाज काठाशी समांतर बांधून आडवेच पाण्यात सरकवावे लागणार होते.

१८५६ च्या फेब्रुवारीत, जहाज अर्धवट असतानाच, रसेल यांची पत संपली, बँकेने हात आखडता घेतला आणि काम थांबले. पुढे काम पुन्हा सुरू झाले. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी जहाज पाण्यात सोडण्याचा पहिला प्रयत्न झाला, तेव्हा कंपनीने तिकिटे विकून हजारो प्रेक्षक जमवले होते. त्या गर्दीसमोर साखळीच्या रहाटाचा दांडा उलटा फिरला, अनेक मजूर फेकले गेले आणि एकाला प्राण गमवावा लागला. जहाज अखेर पाण्यात गेले ते ३१ जानेवारी १८५८ रोजी. पूर्वेकडे प्रवासी नेण्यासाठी बांधलेल्या या जहाजाने त्या मार्गावर प्रवासी कधीच नेले नाहीत. त्याचे खरे काम निराळेच ठरले: १८६६ मध्ये त्याने अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची केबल यशस्वीपणे टाकली, आणि १८७० मध्ये मुंबई बंदरात येऊन मुंबई ते एडन ही केबल टाकली. मिलवॉलच्या मजुरांनी ठोकलेले ते लोखंड मुंबईकरांनी आपल्या किनाऱ्यावरून पाहिले, तोवर ज्या कारखान्यांत ते घडले तेथील भट्ट्या विझल्या होत्या.

रसेल यांच्यानंतर ती जागा चार्ल्स मेर यांच्याकडे आली. मेर यांचे याच नदीवरचे आधीचे दुकान १८५५ मध्ये बुडाले होते. मिलवॉल येथेही ते टिकले नाहीत. एका जागेवर, एका नदीच्या काठी, जवळजवळ त्याच कारागिरांच्या हातांनी काम चालू असता तीस वर्षांत मालकामागून मालक खड्ड्यात गेले. याचे कारण कारागिरांच्या कौशल्यात शोधणे व्यर्थ आहे, कारण त्यांनी बांधलेली जहाजे समुद्रावर चालत होती. जहाजाचे कंत्राट ठरावीक किमतीचे, काम अनेक वर्षांचे, आणि मध्यंतरीचा सारा खर्च उधारीवर भागवायचा, ही धंद्याची रचनाच अशी होती की पहिला धक्का बसताच मालक कोसळावा. चौथ्या खेपेस ही रचना बदलली नाही. ती केवळ प्रचंड झाली.

पाच वर्षांचे काम, तीन महिन्यांची हुंडी

१८५५ च्या आणि १८६२ च्या कायद्यांनी इंग्लंडात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा मार्ग मोकळा केला. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत कंपन्यांचे आणि वित्तसंस्थांचे पीक आले. ‘मिलवॉल आयर्न वर्क्स, शिपबिल्डिंग अँड ग्रेव्हिंग डॉक्स कंपनी’ हे त्या पिकातील एक भारदस्त कणीस. कारखान्याचा विस्तार सुमारे २७ एकरांचा होता, आणि ऐन भरात तेथे ४,००० ते ५,००० माणसे काम करीत. लोखंड लाटणे, चिलखती पत्रे घडवणे, जहाज बांधणे, ही सर्व कामे एकाच आवारात होत. शनिवारची अर्धी सुटी, उपाहारगृह आणि वाद्यवृंद अशा सोयीही कामगारांसाठी होत्या. त्या काळच्या मानाने हा मालक वाईट म्हणता येणार नाही. पण मालकाच्या चांगुलपणावर मजुराची भाकर अवलंबून असते की त्याच्या मागे उभ्या असलेल्या सावकाराच्या तिजोरीवर, याचे उत्तर लवकरच मिळायचे होते.

फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ग्लुआर’ हे चिलखती युद्धजहाज पाण्यात सोडले, आणि इंग्लंडच्या नौदलाने चिलखती जहाजांची शर्यत सुरू केली. ‘वॉरियर’ हे पहिले इंग्रजी जहाज थेम्स आयर्नवर्क्स या शेजारच्या कारखान्यात १८६० मध्ये पाण्यात गेले. मिलवॉलच्या वाट्यास ‘नॉर्थम्बरलँड’ आले: साडेदहा हजार टनांहून अधिक वजनाचे, चारशे फूट लांबीचे. त्याचा पाया १८६१ च्या ऑक्टोबरात घातला गेला, आणि ते नौदलाच्या हाती तयार पडायला १८६८ साल उजाडले.

आता हे काम ज्या पैशावर चालले होते त्याकडे पाहू. ‘ओव्हरएंड, गर्नी आणि कंपनी’ ही लंडनमधील हुंड्या वटवणारी सर्वांत मोठी पेढी होती. या पेढीचा मूळ धंदा सरळ होता: व्यापाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या मुदती हुंड्या वटाव कापून घ्यायच्या, आणि त्यासाठी लागणारा पैसा बँकांकडून मागताक्षणी परत करण्याच्या बोलीवर उचलायचा. हुंडी तीन महिन्यांत वसूल होते तोवर हे चक्र सुरळीत फिरते. परंतु नव्या पिढीच्या भागीदारांना एवढ्या नफ्यावर समाधान नव्हते. त्यांनी रेल्वे, जहाज कंपन्या आणि जहाजबांधणी कारखाने यांत मोठमोठ्या रकमा गुंतवल्या. मिलवॉलचा कारखाना त्यांच्या मोठ्या ऋणकोंपैकी एक होता. म्हणजे ज्या जहाजाला पाया घालण्यापासून पाण्यात जाईपर्यंत साडेचार वर्षे लागली त्याच्यामागे मागताक्षणी परत द्यावयाचा पैसा उभा होता. मुदत भरली की हुंडी फिरवायची, पुन्हा भरली की पुन्हा फिरवायची, आणि ती फिरवणारा एक दिवस नाही म्हणेल ही शक्यता विसरून जायची, यालाच त्या काळी व्यवहारचातुर्य म्हणत.

१८६५ साली ही पेढी आतून पोखरली गेली होती. भागीदारांनी त्यावर काढलेला उपाय मासलेवाईक आहे. जुलै १८६५ मध्ये त्यांनी पेढीचे मर्यादित कंपनीत रूपांतर केले आणि ५० पौंडांचा एक याप्रमाणे तिचे एक लाख भाग काढले. बुडीत कर्जांची हकिगत माहितीपत्रकात नव्हती. ती एका खासगी करारात दडवून ठेवण्यात आली होती. जनतेने विश्वासाने भाग घेतले.

याच काळात मुंबईतही असाच खेळ चालला होता, आणि दोन्ही खेळांची सूत्रे लंडनच्या पैशाच्या बाजारात एकत्र येत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि आलेल्या पैशातून बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ येताच मुंबईतील शेअरवेडाचा फुगा फुटला. मुंबईची बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. हिंदुस्थानच्या व्यापारात गुंतलेली आग्रा अँड मास्टरमन्स बँक लंडनमध्ये जून १८६६ मध्ये कोसळली, ती ओव्हरएंड गर्नीच्या मागोमागच. खानदेश-वऱ्हाडच्या कापसापासून मिलवॉलच्या पत्र्यापर्यंत एकाच उधारीचा धागा पोचत होता.

चोवीस दिवस

१७ मार्च १८६६ रोजी ‘नॉर्थम्बरलँड’ पाण्यात सोडण्याचा समारंभ ठरला. जहाज काही अंतर सरकले आणि उतारावरच अडकले. महिनाभर ते तसेच पडून होते. जलदाबाची यंत्रे, ओढणाऱ्या बोटी, नाना उपाय झाले, आणि अखेर १७ एप्रिल १८६६ च्या भरतीवर ते नदीत उतरले. ज्यांनी ते बांधले त्यांना त्या दिवशी हायसे वाटले असणार.

त्यानंतर चोवीस दिवसांच्या आत सर्व संपले. १० मे १८६६ रोजी गुरुवारी दुपारी ओव्हरएंड गर्नीने आपले दरवाजे बंद केले. बँक ऑफ इंग्लंडने मदत नाकारली होती. दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार लंडनच्या इतिहासात ‘काळा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. ठेवी काढण्यासाठी सबंध शहर धावले. बँकेचा व्याजदर दहा टक्क्यांवर गेला आणि तीन महिने तेथेच राहिला. एवढ्या दराने पैसा उचलून कोणता कारखाना जहाज बांधील? मिलवॉल आयर्न वर्क्सचा आधारच निघाला होता. कंपनी बुडाली, आणि नदीत उभे असलेले अपुरे ‘नॉर्थम्बरलँड’ कारखान्याची मालमत्ता म्हणून धनकोंनी आठ महिने अडकवून ठेवले. नौदलाचे काम होते, मागणी होती, कारागीर दारात उभे होते, लोखंड आवारात पडले होते; थांबली होती ती फक्त हुंडी.

या ठिकाणी सरकारने काय केले हे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. ११ मे च्या त्या शुक्रवारीच अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी बँक ऑफ इंग्लंडला कायद्याने घातलेली नोटांची मर्यादा ओलांडण्याची मुभा दिली. बँकांसाठी कायदा एका दिवसात लवचिक झाला. मजुरांसाठी जो कायदा होता तो दरिद्री-कायदा, आणि तो लवचिक झाला नाही.

खर्च कोणी भरला

थेम्सवरील जहाजबांधणीत १८६५ मध्ये सुमारे २७,००० माणसे होती. काही वर्षांतच ती संख्या सुमारे ९,००० वर आली. मेमध्ये कारखाने बंद पडले आणि त्याच उन्हाळ्यात पूर्व लंडनमध्ये पटकीची साथ आली. एका खासगी पाणी कंपनीच्या दूषित जलाशयातून ती पसरली आणि पूर्व लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर आला तो १८६७ चा कडाक्याचा जानेवारी. त्या महिन्यात एका दैनिकाचा प्रतिनिधी पॉप्लर, मिलवॉल, लाइमहाउस आदी वस्त्यांतून हिंडला. त्याच्या वृत्तान्ताप्रमाणे किमान १५,००० कामगार आपल्या कुटुंबांसह पूर्ण निराधार झाले होते, आणि ३,००० हून अधिक कुशल कारागीर अनाथगृहाच्या आवारात खडी फोडत होते. हा वृत्तान्त कार्ल मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातील पंचविसाव्या प्रकरणात समाविष्ट केला, तो ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. आपल्या अभ्यासवर्गांत हे प्रकरण वाचले जाते, पण ती खडी फोडणारी माणसे कोण होती हे क्वचितच सांगितले जाते. ज्या हातांनी चिलखती पत्र्याची जोडणी केसाच्या अंतराने बसवली तेच हात बर्फात बसून, तीन पेन्स आणि थोडे अन्न मिळावे म्हणून, दगडावर हातोडा मारीत होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गरिबांच्या मदतीचा खर्च त्या काळी त्या त्या वस्तीतील करातून भागवला जाई. वेस्टएंडमधील धनिकाने ओव्हरएंड गर्नीत पैसा गुंतवला असेल, नसेल. पण बेकार झालेल्या जहाजी कामगाराला पाव देण्याची जबाबदारी पडली ती पॉप्लरमधील वाण्यावर, चांभारावर आणि अजून काम शिल्लक असलेल्या शेजाऱ्यावर. गिऱ्हाईक बुडाल्याने वाणी बुडत होता, आणि बुडता बुडता कर भरीत होता. १८६७ मध्येच लंडनभरच्या दरिद्री-निधीचा एक सामाईक वाटा कायद्याने निर्माण करण्यात आला, ही काही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. पण तो वाटा अपुरा होता. अनेक कुटुंबे देश सोडून कॅनडाकडे निघून गेली.

आणि संचालक? खोट्या माहितीपत्रकाबद्दल ओव्हरएंड गर्नीच्या संचालकांवर खटला चालला. १८६९ च्या डिसेंबरात ते सर्व निर्दोष सुटले. त्याच वर्षी सरकारने डेप्टफर्ड आणि वुलिच येथील शाही गोद्याही बंद केल्या, आणि नदीकाठच्या बेकारांत आणखी भर पडली.

भूगोल आणि मजुरी यांचा हिशेब

आता मालकपक्षाच्या दाखल्याकडे परत येऊ. कोळसा आणि लोखंड लंडनपासून दूर होते, हे खरे. लंडनचा कारागीर क्लाइडच्या कारागिरापेक्षा अधिक मजुरी घेई, हेही खरे; लंडनमधले घरभाडे आणि महागाई पाहता तो ती का घेत होता हे सांगण्याची गरज नाही. पुढे १९०६ नंतर यारो यांनी आपला कारखाना आयल ऑफ डॉग्ज सोडून ग्लासगोला नेला, तो बरेचसे याच कारणांनी. थेम्सवरील जहाजबांधणी कधी ना कधी आकसली असती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

परंतु प्रश्न मिलवॉलच्या मृत्यूच्या तारखेचा आहे. त्याच नदीवर, त्याच महागड्या कोळशावर आणि त्याच मजुरीवर थेम्स आयर्नवर्क्स १९१२ पर्यंत चालू राहिला. १८९४ मध्ये तर तेथे आठ तासांचा दिवस सुरू झाला, आणि त्यानंतरही अठरा वर्षे तो युद्धजहाजे बांधीत होता. ‘थंडरर’ हे त्याचे शेवटचे मोठे जहाज १९११ मध्ये पाण्यात गेले. समुदा बंधूंचा कारखाना आयल ऑफ डॉग्जवरच १८९० च्या पुढेपर्यंत टिकला. भूगोल हा शेजाऱ्यांना सारखाच असतो. मग मे १८६६ मध्ये एकजण कोसळला आणि दुसरा सेहेचाळीस वर्षे जगला, याचे कारण भूगोलात सापडणार नाही. हळूहळू आकसणाऱ्या उद्योगातील कामगाराला दुसरे काम शोधायला, मुलाला दुसरा धंदा शिकवायला, संघटनेला वाटाघाटी करायला पंधरा-वीस वर्षे मिळतात. मिलवॉलच्या कामगाराला चोवीस दिवससुद्धा मिळाले नाहीत. जे काम दोन पिढ्यांत व्हायचे ते सटोडियांनी एका दुपारी केले, आणि नंतर त्याचे खापर कामगार संघटनांवर फोडण्यात आले. तत्कालीन मालकांनी आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी ते अगदी तत्परतेने फोडले.

आपल्या बाजूचाही हिशेब येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. थेम्सवरील जहाजी कारागिरांच्या संघटना जुन्या आणि अभिमानी होत्या. लाकडी जहाजांचे सुतार एका संघटनेत, बॉयलर आणि पत्र्याचे कारागीर दुसरीत. कोणते काम कोणाचे यावरून त्यांच्यांत भांडणे. ओझी वाहणारा, भट्टी पेटवणारा अकुशल मजूर तर कोणत्याच संघटनेत नव्हता. संघटनेचा निधी आजारपणाला आणि चार आठवड्यांच्या बेकारीला पुरत होता. सबंध नदी बंद पडेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. मजुरीच्या दरासाठी लढायला ते तयार होते, पण मजुरीच्या मागे उभा असलेला पैसा कोठून येतो, केव्हा परत मागितला जाईल, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटले नाही. तो प्रश्न मालकाचा, असे त्यांनी मानले.

हा धडा त्या वस्तीने सावकाश, परंतु पक्का शिकला. १८८९ च्या ऑगस्टमध्ये गोदी कामगारांचा जो ऐतिहासिक संप झाला त्याची ठिणगी आयल ऑफ डॉग्जवरील वेस्ट इंडिया डॉकमध्येच पडली, आणि तो संप ज्यांना कोणी संघटनेत घेत नव्हते अशा रोजंदारीवाल्यांचा होता. १९२१ मध्ये याच पॉप्लर नगरपालिकेचे ३० सभासद, जॉर्ज लान्सबरी यांच्या नेतृत्वाखाली, तुरुंगात गेले. गरीब वस्तीने गरिबांचा खर्च एकटीने का सोसावा, हाच त्यांचा सवाल होता, आणि त्यांनी श्रीमंत वस्त्यांना त्या खर्चाचा अधिक वाटा उचलायला भाग पाडले. १८६७ च्या हिवाळ्यात त्या वाण्याने आणि चांभाराने भरलेल्या कराची ती चोपन्न वर्षांनी झालेली फेड होती.

तीच जागा, तोच खेळ

मिलवॉलच्या कारखान्याचे आवार तुकड्यातुकड्यांनी विकले गेले. ‘ग्रेट ईस्टर्न’च्या कारखान्यातील एका भागात १८८८ पासून रंगाचा कारखाना चालला, आज तेथे नदीकाठची महागडी घरे आहेत. ज्या लाकडी उतारावरून ते जहाज पाण्यात गेले त्याचे अवशेष मात्र शिल्लक आहेत आणि ओहोटीच्या काठाजवळ जाऊन पाहता येतात. आयल ऑफ डॉग्जवरील गोद्या १९८० मध्ये बंद झाल्या. १९८१ मध्ये थॅचर सरकारने त्या भागाचा ताबा निवडून आलेल्या नगरपालिकांच्या हातून काढून एका नेमलेल्या महामंडळाकडे दिला, आणि कॅनरी वॉर्फच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या उभारणारी विकासक कंपनी १९९२ मध्ये दिवाळ्यात गेली. लीमन ब्रदर्सचे युरोपीय मुख्यालय तेथेच होते. ते सप्टेंबर २००८ मध्ये कोसळले. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांना जुन्या दाखल्यासाठी ओव्हरएंड गर्नीपर्यंत मागे जावे लागले. १८६६ प्रमाणेच या खेपेसही सरकारी मदत बँकांपर्यंत काही दिवसांत पोचली, आणि सामान्य माणसाच्या वाट्याला पुढची अनेक वर्षे काटकसर आली. गिरणगावात वाढलेल्या कार्यकर्त्याला हे चित्र कोणी समजावून सांगायला नको.

तात्पर्य काढायचे ते असे. कारखाना बंद पडताना ‘मजुरी’ आणि ‘स्पर्धा’ हे शब्द कानावर आले की आपल्या कार्यकर्त्यांनी तीन साधे प्रश्न विचारावेत. कारखान्यात कोणाचा पैसा आहे? तो किती मुदतीचा आहे? आणि दिवाळे निघाले तर वसुलीच्या रांगेत कामगार कितव्या जागी उभा आहे? आपल्या देशातील २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने धरली आहे. ही तरतूद किती कामगारांना, किती पुढाऱ्यांना ठाऊक आहे? चोवीस महिन्यांपलीकडच्या थकबाकीचे काय, हा प्रश्न किती ठिकाणी विचारला गेला आहे? मजुरीचा करार करताना ताळेबंदही मागितला पाहिजे, तो वाचता येणारी माणसे संघटनेत तयार केली पाहिजेत, आणि दीर्घ मुदतीच्या उद्योगाला दीर्घ मुदतीचे सार्वजनिक भांडवलच मिळाले पाहिजे, ही मागणी आर्थिक धोरणाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा मांडली पाहिजे.

ही कामे रुक्ष आहेत. सभा गाजवण्यास ती उपयोगी पडत नाहीत. परंतु १८६५ साली मिलवॉलच्या फाटकात उभे राहून कोणी हे तीन प्रश्न विचारले असते, तर १८६७ च्या जानेवारीत खडी फोडायला बसलेल्या त्या ३,००० कारागिरांना निदान वर्षभर आधी कळले असते की आपण ज्यावर उभे आहोत तो नदीकाठ नसून दुसऱ्याची हुंडी आहे. तेवढ्या अवधीत संघटना काय करू शकते, हे पॉप्लरनेच पुढे दाखवून दिले.